घोंगडीसकट चोपन्न

मसाजीला प्रश्न पडायची खोड होती, आणि पडलेला प्रश्न पोटात ठेवायची सवय नव्हती.

औंढा नागनाथपासून सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. घरात बायको सिंधूबाई, मुलगा राम, सत्तर-ऐंशी मेंढरं, आणि साडेतीन एकर रान, ज्यात ज्वारीपेक्षा दगड चांगले यायचे. मेंढरांमागं फिरून माणूस अबोल होतो म्हणतात. मसाजी उलटा निघाला. मेंढरं दिवसभर काही उत्तर देत नाहीत म्हणून साठलेले सगळे प्रश्न तो संध्याकाळी पारावर माणसांवर सोडायचा. ग्रामसेवकाला त्यानं एकदा चारचौघांत विचारलं होतं, "साहेब, तुमी रजेवर असता तवा गाव कोन चालवतं? न तवाच बरं काहून चालतं?" ग्रामसेवक त्यानंतर पाराला वळसा घालून जायला लागले.

दोन्ही किडन्या बसल्याचं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सिंधूबाईनं पदर तोंडाला लावला आणि रामनं भिंत धरली. मसाजी म्हणाला, "दोनी संगंच काहून गेल्या? बैलजोडीतला एक बसला तर दुसरा उभा तर ऱ्हातो."

हे २०१९ साल. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी राम त्याला मोटारसायकलवर बसवून हिंगोलीला आणायचा. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिच्यात डायलिसिसच्या सहा मशिनी. चार तास पडून राहायचं. हाताच्या शिरेतून रक्त एका नळीनं बाहेर जायचं, मशिनीत धुतलं जायचं, दुसऱ्या नळीनं परत यायचं, आणि अंगात साठलेलं जादा पाणी मशीन वेगळं काढून घ्यायची. मसाजीनं महिनाभरात टेक्निशियन विश्वंभरकडून सगळं काढून घेतलं. एका वेळी किती रक्त अंगाबाहेर असतं, मध्येच लाइट गेली तर ते कुठं थांबतं, धुतलेलं रक्त आपलंच कशावरून. डायलिसिससाठी डाव्या हातावर केलेली ती शीर सारखी घरघरायची. गावातली लेकरं रांगेनं येऊन तिला कान लावायची आणि मसाजी ऐटीत हात पुढं करायचा, जणू रेडिओ त्यानंच बनवला होता.

या सगळ्यात एक गोष्ट मध्यभागी होती, ती म्हणजे वजनकाटा. किडनी बंद पडलेल्या माणसाला लघवी जवळपास होतच नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून मशिनीवर जाण्याआधी वजन, उतरल्यावर वजन. जादा पाणी सगळं काढून झाल्यावर माणूस जितका भरतो त्याला तिथं म्हणतात ड्राय वेट. मसाजीनं पहिल्या दिवशीच त्याचं मराठी करून टाकलं, कोरडं वजन. वजन कोरड्याच्या वर जितके किलो, तितके लिटर पाणी अंगात. हिशेब मेंढरासारखा सरळ.

आता घोंगडीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

मसाजीच्या खांद्यावर काळी घोंगडी बारा महिने असायची. त्याच्याच मेंढरांची लोकर, त्याच्याच आईनं कातलेलं सूत. घरी देवाचा भंडारा असला की हीच घोंगडी अंथरून तिच्यावर देव मांडायचे. असली वस्तू दवाखान्याच्या फरशीवर कशी ठेवायची? खुर्चीवर ठेवावी तर खुर्चीवर कोण कोण बसून गेलेलं. रामच्या हाती द्यावी तर राम कोपऱ्यावर चहाला जातो आणि घोंगडी हॉटेलच्या बाकड्यावर टाकतो. त्यात खोलीत एसी, आणि अंगातलं रक्त बाहेर फिरून आलं की थंडी वाजते ती वेगळीच. मसाजी घोंगडी उतरवेना.

"मामा, वजनाला अंगावर काही नको," विश्वंभर पहिल्या दिवशी म्हणाला.

"मग धोतर बी सोडू का?"

विश्वंभर होता वसमतकडचा, समजूतदार आणि थोडा आळशी. त्यानं डोक्याला ताप नको म्हणून तोड काढली. "ठीक आहे. घोंगडीसकट तर घोंगडीसकट. पण दरवेळी घोंगडीसकटच. आज संगं आणली, उद्या नाही आणली, असं चालायचं न्हाई."

"तिला सोडून म्या कुठं जातो?"

झालं. आठ-दहा वेळा पाणी काढून, दम लागतो का, पायात गोळे येतात का, हे बघून विश्वंभरनं वजन ठरवलं आणि फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिलं: कोरडं वजन चोपन्न किलो. घोंगडीचा उल्लेख केला नाही. घोंगडी रोज डोळ्यांसमोर होती, लिहायचं काय त्यात? आणि हे चोपन्न दोन वर्षं चोख चाललं. मसाजी यायचा सत्तावन्न, जायचा चोपन्न. घोंगडी येतानाही होती, जातानाही होती. वजाबाकीला तिचा काही उपद्रव नव्हता.

उपद्रव होता पाण्याचा. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा आला, वरण आलं. सिंधूबाई सकाळी पितळी तांब्यात मोजून पाणी भरून ठेवायची आणि त्याच्यावर नजर ठेवायची. मसाजीनं मेंढपाळांची जुनी युक्ती काढली, तोंडात गारगोटी धरायची, तहान मरते. शेजारच्या मशीनवर कुरुंद्याचा ग्यानबा असायचा, हळदवाला शेतकरी, अंगानं गोलमटोल. त्यानंही एक गारगोटी मागून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गिळली.

"कुठवर आली?" मसाजी पुढचे चार आठवडे चौकशी करायचा.

"तुजी गारगोटी, तूच हाक मार तिला," ग्यानबा म्हणायचा.

इतकं करूनही मसाजीचं वजन दरवेळी तीन किलो जास्त भरायचं आणि विश्वंभरचं बोलणं बसायचं. "मामा, तुमी पाणी पिता का पाणी तुमाला पितं?" दोन वर्षांत त्याला एकदाही कुणी शाबासकी दिली नव्हती. हेही ध्यानात ठेवायला हवं.

मग २०२१ चा एप्रिल आला. ऊन आणि कोरोना दोन्ही एकदमच चढले. बाजार बंद, रस्ते रिकामे, राम पोलिसांना दवाखान्याची चिठ्ठी दाखवून दाखवून बापाला आणत होता. मशिनीवरच्या माणसाला घरी बसायची सोय नव्हती. विश्वंभरला ताप आला, तपासणीत कोरोना निघाला आणि तो घरी खोलीत कोंडून बसला. त्याच्या जागी सुकन्या आली. नवी पोरगी, पंचविशीच्या आतबाहेरची, अंगभर पांढरा पोशाख, डोळेच काय ते दिसत. आल्या आल्या तिनं दारावर कागद लावला: घरचं पांघरूण, चादर, उशी आत आणू नये.

"बाबा, घोंगडी बाहेर."

मसाजीनं देव सांगितला, आई सांगितली, एसी सांगितला. सुकन्या म्हणाली, "सगळं खरं बाबा. पण हिच्यातनं कोरोना आला तर पाच जनाला वाटून जाईल." या उत्तरात मसाजीला खोट सापडेना. घोंगडी रामच्या खांद्यावर गेली. वर बापानं दम भरला, "बाकड्यावर टाकलीस तर तुलाच बाकड्यावर टाकीन."

तो सोमवार होता. मसाजी काट्यावर उभा राहिला. काटा चोपन्न किलो आठशेवर थांबला.

सुकन्यानं फाइल बघितली, काटा बघितला, पुन्हा फाइल बघितली. "अय्या बाबा, आठशेच ग्रॅम? मागचं सगळं पाहिलं मी, तीन तीन किलो घेऊन यायचात. या वेळी पाणी लई कमी पिलं तुमी. शाब्बास."

मसाजीच्या मनात प्रश्न आला होता. जिभेपर्यंत आला होता. इतकं पाणी कमी प्याल्याचं त्याला काही आठवत नव्हतं, उलट रविवारी सिंधूबाई धुणं धुवायला गेली तेव्हा रांजणाजवळ जे झालं ते चांगलं आठवत होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शाब्बास म्हटलं होतं, आणि तेही सहा खाटांसमोर. त्यानं प्रश्न गिळला, ग्यानबानं गारगोटी गिळली तसा.

"गारगोटीचा गुन हाय," तो ग्यानबाकडं बघून म्हणाला.

त्या दिवशी मशिनीनं आठशे ग्रॅम पाणी काढलं आणि थांबली. घरी येऊन मसाजीनं तीन वेळा शाब्बास सांगितलं. सिंधूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तांब्या तर म्या रोज दोनदा भरून राहिले. काट्यालाच चष्मा लागला असंल."

"तुला माजं चांगलं बघवत न्हाई."

आणि शाबासकी मिळालेला माणूस जे करतो ते त्यानं केलं. थोडी ढील दिली. एप्रिलचं ऊन, वर कौतुक, मध्ये एक पेला ताक. गुरुवारी तो छप्पन्न किलो सहाशे भरला. सुकन्यानं हिशेबानं दोन किलो सहाशे काढलं आणि बरोबर चोपन्नवर आणून सोडलं. फाइलीत सगळं व्यवस्थित होतं. जिच्यात काही चूक दिसत नाही अशी चूक शोधायची कशी, हा प्रश्न तेव्हा मसाजीला पडला नव्हता.

शुक्रवारी दुपारपासून खोकला आला. संध्याकाळी तो चार पावलं चालून बसायला लागला. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, उठून बसलं की बरं वाटायचं, म्हणून पाठीशी पोतं लावून बसला. शनिवारी सकाळी रामनं त्याला मागं बसवून कमरेला उपरण्यानं आपल्याशी बांधलं आणि हिंगोली गाठली. बाहेरच्या मंडपात नाकात काडी घातली. पंधरा मिनिटांनी कळलं, कोरोना आहे.

बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन सत्त्याऐंशी. नाकाला नळी लावून पाच लिटरनं ऑक्सिजन सोडला, तेव्हा कुठं तो त्र्याण्णव झाला.

डॉक्टर मंजुषा त्या वेळी तिथं एकट्याच होत्या. वय फार नव्हतं, पण दीड महिन्यात डोळ्यांखाली दहा वर्षं जमा झाली होती. त्यांच्यापुढं प्रश्न एकच होता: याचा कोरोना साधा की सिरियस? साधा असेल तर कोपऱ्यात प्लास्टिकच्या पडद्याआड पॉझिटिव्ह माणसांसाठी एक मशीन राखून ठेवलेली होती, तिच्यावर डायलिसिस करायचं, बाजूच्या खोलीत ठेवायचं. सिरियस असेल तर इथं त्याला सांभाळायची सोय नव्हती, नांदेडला धाडायचं. आणि नांदेडचा रस्ता वारंगा फाट्यावरून जातो. गेल्या तीन आठवड्यांत त्या खोलीतले चार जण ॲम्ब्युलन्समधून फाट्याच्या पुढं गेले होते आणि चारही खाटांवर नवी माणसं आली होती. खोलीत आता कुणी 'वारला' म्हणत नव्हतं. 'फाटा ओलांडला' म्हणत होते.

मसाजी मंडपात लोखंडी खाटेवर बसून धापा टाकत होता, आणि ऐकत होता. धाप लागली म्हणून कुतूहल थांबत नाही.

"मॅडम, सिरियस कशावरून वळखता?"

दुसरा कुणी डॉक्टर असता तर म्हणाला असता, गप पडा. मंजुषा मॅडम खुर्ची ओढून हातभर अंतरावर बसल्या. कदाचित त्यांनाही मोठ्यानं विचार करायचा होता. "तेच अवघड आहे बाबा. इतरांचा ताप बघतो. डायलिसिसच्या माणसाला कोरोनातही ताप येईलच असं नाही. तुम्हाला नाही."

"मग रगत तपासा."

"तपासलं. रक्तात जे आकडे वाढले की आम्ही घाबरतो, ते तुमचे एरवीच वाढलेले असतात. मागच्या वर्षी काही नव्हतं तेव्हाही वाढलेले होते."

"फोटो काढला ना छातीचा?"

"काढला. दोन्ही बाजूला पांढुरकं धुकं दिसतंय. कोरोनाचंही तसंच दिसतं, छातीत पाणी भरलं तर त्याचंही तसंच दिसतं."

मसाजीला बरं वाटायला हवं होतं असं नाही, पण वाटलं. आपल्या अंगात एवढं गुंतागुंतीचं काही चाललं आहे, याचा त्याला जरासा मोठेपणा वाटला. "म्हंजी समदी साक्षीदारं फितूर. मग एकांदा तर खरा असंल?"

"एक आहे. वजन. छातीत पाणी असेल तर वजन खोटं बोलत नाही. आणि तुमचं वजन आहे..." त्यांनी सुकन्याकडं बघितलं.

"चोपन्न किलो सातशे," सुकन्या म्हणाली. "परवाच चोपन्नवर आणलं होतं. सातशे ग्रॅमच जास्त आहे मॅडम."

"सातशे ग्रॅम पाण्यानं इतका दम लागत नाही," मंजुषा मॅडम उठल्या. "म्हणजे हे कोरोनाचंच. फुप्फुसं धरली आहेत." त्यांनी फोन केले. सहाव्या फोनला नांदेडला एक खाट मिळाली. तिकडचा माणूस म्हणाला, दीडपर्यंत धरून ठेवतो, त्यापुढं नाही. तेव्हा वाजले होते साडेदहा. ड्रायव्हर रामसिंगनं ॲम्ब्युलन्स मंडपाला लावली आणि दार उघडून ठेवलं. त्याला नांदेडला पोचायला दोन तास धरावे लागायचे, म्हणजे फार तर साडेअकरापर्यंत थांबता येणार होतं.

सिंधूबाई मागून एका ओळखीच्या टेम्पोतून आली होती. तिला दोरीपलीकडं उभं केलं होतं. तिनं सोबत आणलेली घोंगडी दाखवून तिथूनच रामला खुणावलं. थंड गाडीत नेतील, घोंगडी तरी द्या. रामनं सुकन्याला विचारलं. सुकन्या म्हणाली, आता कोरोना त्यांना झालाच आहे, घोंगडीला काय भ्यायचं, द्या.

रामनं घोंगडी बापाच्या खांद्यावर टाकली.

आणि मसाजी दचकला. दवाखान्यात जाऊन आली म्हणून सिंधूबाईनं ती सोमवारपासून घरी उन्हात टांगून ठेवली होती, पाच दिवस ती अंगावर नव्हती. थकलेल्या खांद्यांना तिचा भार एकदम कळला. जन्मभर पांघरलेली वस्तू, तिला वजन असतं हे विसरायलाच झालं होतं. त्यानं एक टोक हातात धरून तोललं. मेंढरू विकत घेताना तो असाच पाठीवर हात टाकून तोलायचा. मेंढरांच्या बाजारात कच्च्या व्यापाऱ्याला लुटायची एक रीत असते. लोकर कातरायच्या आधी मेंढरू तोलून दाखवायचं, पैसे ठरवायचे, आणि हाती द्यायच्या आधी लोकर कातरून ठेवून घ्यायची. मसाजीनं ती रीत कधी वापरली नाही असं तो सांगतो. पण ओळखायचा बरोबर. कातरलेलं मेंढरू हलकं भरायलाच हवं. कातरूनही तितकंच भरलं तर समजायचं, मालकानं सकाळी मीठ चारून पाणी पाजलं आहे.

सोमवारी गिळलेला प्रश्न आता वर आला.

"ए पोरी," तो सुकन्याला म्हणाला. एका दमात दोनच शब्द निघत होते. "ते चोपन्न... कुनाचं?"

"तुमचंच की बाबा. फाइलीत आहे."

"माजं... का माजं न हिचं?"

सुकन्याला कळेना. तिला वाटलं, ऑक्सिजन कमी पडून माणूस बरळायला लागला. रामला मात्र कळलं, कारण मेंढरं तोही तोलायचा. "ताई, आबा दोन वर्षं घोंगडी घेऊनच काट्यावर चढायचे," तो म्हणाला. "तुमी आल्यावर पहिल्यांदा काढली."

सुकन्यानं फाइलीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. मग तिनं फोन लावला. विश्वंभर पलीकडून खोकत बोलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"व्हय, घोंगडीसकटच. मामा कुठं उतरवतेत ती. फाइलीत लिहिलं न्हाई का म्या?"

"नाही लिहिलं सर."

"काहून न्हाई लिहिलं म्या," विश्वंभर स्वतःशीच म्हणाला.

वजनकाटा उचलून मंडपात आणला. घोंगडी घडी करून त्याच्यावर ठेवायची म्हटल्यावर मसाजीनं हात वर केला. काट्यावर सगळ्यांचे पाय पडतात. सुकन्यानं त्याच्यावर कोरा पांढरा कागद अंथरला, मग त्याची हरकत उरली नाही. घोंगडी भरली दोन किलो सहाशे.

मंजुषा मॅडमनी तोंडानं हिशेब केला. खरं कोरडं वजन चोपन्न नव्हे, एक्कावन्न किलो चारशे. आज चोपन्न सातशे. म्हणजे सातशे ग्रॅम नाही, तीन लिटरच्या वर पाणी, आणि पाच दिवस ते छातीवर बसलं होतं. मग त्यांनी जे केलं ते बघून रामला वाटलं, त्या खूश झाल्या नाहीत. त्या घड्याळाकडं बघत होत्या. साडेअकरा व्हायला पाऊण तास होता.

"बाबा, ऐका," त्या म्हणाल्या. "पाणी आहे हे आता नक्की. पण सगळा दम पाण्याचाच आहे का, हे मला सांगता येत नाही. कोरोना पण आहे. खाट सोडली आणि माझं चुकलं, तर दुसरी खाट आज मिळायची नाही. खाट धरली आणि वाटेत पाणी वाढलं, तर गाडीत मशीन नाही."

"वारंगा फाट्यालाच," मसाजी म्हणाला.

"हो."

दोरीपलीकडून सिंधूबाई बोलली. आवाज चढला नाही तिचा. "मॅडम, पानी काढून बघा की. दोन घटका. न्हाई भागलं तर फाटा कुठं पळून चालला."

असं ठरलं. लगेच कोपऱ्यातली मशीन. पहिल्या पाऊण तासात रक्त धुवायचं नाही, नुसतं पाणी ओढायचं, जमेल तितकं झपाट्यानं. साडेअकराला ऑक्सिजनचं बटण पाचावरून दोनवर आणायचं. चिमट्यातला आकडा टिकला तर थांबायचं. पडला तर नळ्या काढून गाडीत. रामसिंगला विचारलं तर तो म्हणाला, "अपना क्या है मॅडम, गाडी खडी है. लेकिन साडे ग्यारा के बाद मैं हवाई जहाज नहीं हूँ."

पडद्याआड मसाजी उशाला टेकून बसला, घोंगडीसकट. आज त्याला कुणी हटकलं नाही. हातातली शीर घरघरत होती. सुकन्या हातमोज्यांत हात घालून मशीनजवळ उभी होती, आणि पोशाखाच्या आत घामानं भिजली होती. तिचे डोळे मसाजीला दिसत होते. रडके नव्हते, पण रडायला जागा मिळाली तर रडले असते.

"पोरी, तुजी काय चूक?" तो म्हणाला. "तू शाब्बास म्हनलीस. चूक माजी. म्या इचारलं न्हाई." थोडा दम खाऊन त्यानं पुढचं विचारलंच. "बरं, हे पानी मशीनीतून जातं कुठं?"

"नालीत बाबा. बोलू नका."

"माजं पानी नालीत," मसाजी म्हणाला आणि त्यानं जरा विचार केला. पाण्याविना मेंढरं उन्हात तोंड वासून उभी होती, विहिरीनं तळ दाखवला होता, आणि त्याच्या छातीत तीन लिटर.

पडद्यापलीकडच्या खाटेवर ग्यानबाही होता, त्याला शनिवारी तिसरी पाळी असायची. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "मसाजी," त्यानं हाक दिली, "गारगोटीचा गुन म्हनत होतास ना?"

"गप ऱ्हा. तुजी आली का?"

साडेअकराला पाच मिनिटं होती तेव्हा मशीननं नऊशे मिलिलिटर ओढलं होतं. मंजुषा मॅडम आत आल्या. त्यांनी बटण पाचावरून चारावर आणलं. आकडा त्र्याण्णव होता, त्र्याण्णवच राहिला. तीनवर आणलं. ब्याण्णव. सुकन्यानं ओठ दाताखाली धरले. बाहेर रामसिंगनं गाडी सुरू केली, त्याचा आवाज आत आला. मॅडम वाट बघत राहिल्या. ब्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव. दोनवर आणलं. मसाजी चिमट्यातला लाल आकडा आपला नसून शेजाऱ्याचा असल्यासारखा टक लावून बघत होता. त्र्याण्णव. मग चौऱ्याण्णव.

"आडवे होऊन बघा," मॅडम म्हणाल्या.

मसाजी सावकाश पाठीवर झाला. शुक्रवारपासून पहिल्यांदाच. छताचा पंखा दिसला. त्यानं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आकडा हलला नाही.

मॅडमनी बाहेर जाऊन नांदेडला फोन केला, खाट दुसऱ्याला द्या. फोन ठेवल्यावर त्या मंडपाच्या खांबाला टेकून जरा उभ्या राहिल्या. रामसिंगनं इंजिन बंद केलं, दोन मिनिटांनी परत सुरू केलं आणि दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेला.

त्या दिवशी मशीननं एकूण दोन लिटर काढलं. एका दमात सगळं काढलं तर रक्तदाब पडतो म्हणून उरलेलं दुसऱ्या दिवशी, रविवारी. रविवारी दुपारी मसाजी नळीशिवाय पंचाण्णव होता. कोरोना होताच. चौदा दिवस बाजूच्या खोलीत काढावे लागले, खोकला महिनाभर पुरला, तोंडाची चव गेली, आणि ताक पाण्यासारखं लागतं म्हणून त्याला दुप्पट वाईट वाटलं. पण त्याचा कोरोना साधा निघाला.

सोमवारी सकाळी मंजुषा मॅडम खिडकीपाशी आल्या, तेव्हा तो त्यांचीच वाट बघत बसला होता.

"मॅडम, एक इचारू? त्या दिशी माजा दम किती पान्याचा व्हता न किती कोरोनाचा?"

"ते वेगळं करता येत नाही बाबा. पाणी काढायचं. काढून उरला तेवढा कोरोनाचा."

मसाजीनं हे उत्तर दोन-तीनदा घोळवलं. "म्हंजी आदी कातरायचं, मंग तोलायचं."

"तसंच काहीसं."

विश्वंभर पंधरा दिवसांनी कामावर आला. त्यानं मसाजीच्या फाइलीचं पहिलं पान काढून टाकलं नाही. चोपन्न खोडलं, शेजारी एक्कावन्न किलो चारशे लिहिलं आणि खाली सही केली. सुकन्यानं काट्याच्या वर भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकून घेतली, खांद्याच्या उंचीवर, जिथं कुणाचा पाय लागायचा प्रश्न नाही. ती आजही आहे. सोमवारी-गुरुवारी मसाजी येतो, घोंगडी खुंटीला लावतो, काट्यावर चढतो, आणि आकडा वाचायच्या आधी मागं वळून ती खुंटीलाच आहे ना हे बघून घेतो. वजन अजूनही अडीच-तीन किलो जास्तच भरतं. शाब्बास कुणी म्हणत नाही. परवा मात्र एका नव्या टेक्निशियननं त्याचा आकडा बघून म्हटलं, वा बाबा, आज कमी आहे.

मसाजी काट्यावरून उतरला नाही. "काहून कमी हाय," तो म्हणाला, "ते आदी बघ."